दप्तर कुणाच्या हातात?

आपल्या चळवळीत आरक्षणावर चर्चा होते, अत्याचारांवर होते, शिष्यवृत्तीवर होते. हिशेबाच्या वहीवर होत नाही. म्हणून आज आम्ही जरा कोरड्या वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहोत: लहान आणि मध्यम कंपन्यांना इंटरनेटवरून दरमहा भाड्याने मिळणारे एकत्रित व्यवसाय सॉफ्टवेअर. खरेदी, माल, बिल, वसुली, पगार आणि कर हे सगळे एकाच जागी ठेवणारे. विषय नवा आहे, पण त्यामागचा प्रश्न जुनाच आहे. दप्तर कुणाच्या हातात?

गावगाड्यात वसूल झालेला सारा तालुक्याला पोचवण्याचे काम महाराचे होते. त्या साऱ्याचे दप्तर लिहिण्याचा हक्क कुलकर्ण्याचा होता. ओझे आपल्या डोक्यावर, आकडा त्यांच्या हातात. सावकाराकडेही तीच तऱ्हा. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतले शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. आपली मान कशात अडकली आहे, हे त्यांना नेमके कळले होते. बाबासाहेबांनी पुढची पायरी दाखवली. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा विषय अभ्यासाला घेतला. राज्य करणाऱ्याची वही वाचता आली पाहिजे, तरच त्याला जाब विचारता येतो.

आता आजकडे येऊ. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी ठरावीक खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. हा वाटा सध्या २५ टक्के आहे आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यायचे आहेत. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेत १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्जाची सोय झाली. ४ टक्क्यांचे उद्दिष्ट वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. त्याचा मुख्य दोष व्यवस्थेचा आहे, आणि त्यासाठी लढावेच लागेल. पण वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दुसरी बाजूही दिसते. कंपनी आपल्या पोराच्या नावावर, पण जीएसटीचा पासवर्ड कर सल्लागाराकडे. बिले प्लास्टिकच्या पिशवीत. कुणाकडे किती येणे आहे ते तोंडपाठ, आणि तोंडपाठ हिशेबाला कुणी दाद देत नाही.

याची किंमत किती ते पाहा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. इतका धारदार कायदा आपल्या बाजूने आहे. पण माल कोणत्या तारखेला पोचला, कुणी स्वीकारला, बिल कधी गेले याचा कागदच नसेल तर दावा कशाच्या बळावर करणार? कायदा आहे, तारीख नाही. आणि तारीख नाही म्हणजे कायदाही नाही.

इथे हे सॉफ्टवेअर कामाला येते. चलन एकदाच नोंदवायचे. त्या एका नोंदीवरून गोदामातला माल कमी होतो, बिल तयार होते, येणे चढते, कराची रक्कम मांडली जाते आणि मुदतीचे दिवस मोजायला सुरुवात होते. चार वह्यांत चार वेळा लिहिणे नाही, त्यामुळे चार ठिकाणी चार आकडेही नाहीत. ही सोय पूर्वी फक्त बड्या कंपन्यांची होती, कारण त्यासाठी स्वतःचे सर्व्हर आणि महागडे सल्लागार लागत. २००७ साली जर्मनीच्या एसएपीने मध्यम कंपन्यांसाठी ‘बिझनेस बायडिझाइन’ हे भाड्याचे सॉफ्टवेअर जाहीर केले आणि २०१० पर्यंत १० हजार ग्राहकांचे लक्ष्य ठेवले. ते गाठता आले नाही, कारण सेवा चालवण्याच्या खर्चाचेच गणित जमले नाही. पण कल्पना टिकली. आज चेन्नईच्या झोहोसारख्या कंपन्या माणशी दरमहा भाड्याने हीच सोय देतात. मुंबईत घडलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ तर मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, स्वतःच्या सर्व्हरवर चालवावा.

यावर आपलेच कार्यकर्ते विचारतील, ‘बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, आणि तुम्ही कंपन्या चालवायला शिकवता?’ प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की हिशेब आणि भांडवलशाही एक नव्हे. सफाई कामगारांची सहकारी संस्था असो, महिला बचत गट असो की दहा जणांचे वर्कशॉप, वही सगळ्यांनाच लागते. आणि मालक आपला आहे की नाही हे त्याच्या भिंतीवरच्या फोटोवरून ठरत नाही. त्याच्या पगारपत्रकात एक आकडा आणि मजुराच्या हातात दुसरा, असे आहे का, ते पाहावे. भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि भरलाच जात नाही, असे आहे का, तेही पाहावे. पगार आणि हजेरी एकाच जागी असली की लपवणे अवघड होते. फोटोखाली बसून मजुराला फसवणारा मालक आपला नाही, एवढे स्पष्ट बोलायला आपण कचरू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाड्याच्या घरातून कधीही बाहेर काढले जाते. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीची सेवा अचानक थांबवली. परवान्याचे पैसे भरलेले असतानाही हे घडले, असे कंपनीचे म्हणणे होते. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा सुरू झाली. तेलशुद्धीकरण कारखान्याची ही गत, तर आपल्या वर्कशॉपसाठी कोण कोर्टात जाणार? कुलकर्ण्याच्या घरातले दप्तर उचलून परक्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवले आणि किल्ली तिथेच विसरलो, तर बदल कसला झाला?

म्हणून सॉफ्टवेअर भाड्याने जरूर घ्यावे, पण अटी आपण ठरवाव्यात. खाते उद्योजकाच्या स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइलवर असावे, सल्लागाराच्या नाही. सल्लागाराला पाहण्याचा वेगळा प्रवेश द्यावा, मालकीचा नाही. दर महिन्याला सगळा डेटा उतरवून स्वतःकडे ठेवावा. भाडे थकले तर डेटा किती दिवस राहील आणि कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे करारात आधी वाचावे. उत्तर मिळत नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊ नये.

मित्रांनो, आपल्याकडे बी.कॉम. झालेली मुलेमुली कमी नाहीत. त्यातली कितीतरी जण स्पर्धा परीक्षेच्या निकालाची वाट पाहत अभ्यासिकांत बसली आहेत. प्रत्येक अभ्यासिकेत आठवड्याची एक संध्याकाळ हिशेबासाठी ठेवता येईल. वस्तीतल्या एका उद्योजकाची ती बिलांची पिशवी टेबलावर ओतायची, आणि त्याच्यासोबत बसून एकेक नोंद चढवायची. त्याला येणे कळेल, मुलांना काम कळेल. ‘शिका’ या शब्दात वही लिहिणेही येते, आणि ‘संघर्ष करा’मध्ये ४५ दिवस उलटल्यावर व्याजासकट पैसे मागणेही येते.

दप्तर वाहणाऱ्यांची आपण लेकरे. आता ते लिहायलाही आपणच बसू, आणि किल्ली आपल्या खिशात ठेवू.

जय भीम!