विश्लेषण : सातबारा स्वच्छ, तरी जागा वादात? ‘टायटल विमा’ किती आधार देतो?

मावळात बेडसे, पवनानगर परिसरात पुण्या-मुंबईचे ग्राहक बंगल्यासाठी, फार्महाऊससाठी जागा घेतात. सातबारा पाहिला, खरेदीखत झाले, फेरफारही मंजूर झाला. मात्र पुढे विकणाऱ्याच्या बहिणीने हिस्सा मागत दावा लावला तर? अशा वेळी ‘टायटल विमा’ कामी येतो का?

सातबारा म्हणजे मालकी नाही?

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महसुली नोंदीमुळे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मधील सूरजभान प्रकरणासह अनेकदा स्पष्ट केले आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसारही दस्त नोंदवला जातो. विकणारा खरा मालक असल्याची हमी सरकार देत नाही.

दोष कुठे दडलेले असतात?

वारसनोंदीत मुलींची नावे वगळणे हा नेहमीचा दोष. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला. तो जन्मसिद्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. याशिवाय परवानगीविना विकलेली भोगवटादार वर्ग २ ची किंवा वतनाची जमीन, बनावट कुलमुखत्यारपत्र हेही धोके असतात.

विमा काय देतो?

विमा घेण्यापूर्वीचा, पण तेव्हा माहीत नसलेला मालकीतील दोष नंतर उघड झाल्यास न्यायालयीन खर्च आणि विमा रकमेच्या मर्यादेत भरपाई मिळते. हप्ता साधारणपणे एकदाच भरायचा असतो. गेलेली जमीन मात्र परत मिळत नाही. आधीच ठाऊक असलेला वाद किंवा पुढे होणारे भूसंपादनही त्यात येत नाही.

‘रेरा’त काय तरतूद?

२०१६ च्या रेरा कायद्यातील कलम १६ मध्ये विकासकाने मालकीचा विमा काढण्याची तरतूद आहे. पण सरकारने अधिसूचित केल्यावरच ती बंधनकारक ठरते. कलम १८(२) नुसार सदोष मालकीमुळे नुकसान झाल्यास विकासकाला भरपाई द्यावी लागते आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. शेतकऱ्याकडून थेट जागा घेणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

भारतात टायटल विमा प्रामुख्याने मोठ्या प्रकल्पांसाठी काढला जातो. त्यामुळे एकट्या खरेदीदाराची भिस्त पडताळणीवरच असते. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा, जुने फेरफार तपासावेत, वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि बहिणींसह सर्व वारसांची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागावे. इसार देण्याआधीच हे करणे हिताचे.