झेब्रा फिंचचे पांढरे पीस : घाईच्या निदानाचे खंडन

झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आता जगभर पिंजऱ्यांत वाढणारा इवलासा पक्षी. त्याचे डोके आणि मान करडी असते, नराच्या गालावर तांबूस ठिपका आणि छातीवर काळा पट्टा असतो. अशा करड्या डोक्यावर मध्येच एखादे पांढरे पीस उगवले की पक्षीपालकांत दोन निदाने हमखास होतात : ‘पक्षी अर्धा अल्बिनो आहे’ किंवा ‘खाण्यात काहीतरी कमी पडते आहे’. यांपैकी पहिले चूक आहे आणि दुसरे अपुरे.

पिसात पांढरे रंगद्रव्य नसतेच. काळा, करडा, तांबूस हे रंग मेलॅनिनचे. ते नसले की पिसातील केराटिन आणि हवेच्या पोकळ्या प्रकाश विखुरतात व पीस पांढरे दिसते. अल्बिनो पक्ष्यात मेलॅनिन घडवणारे टायरोसिनेज हे विकर जन्मतःच निकामी असते, तेही सर्वांगात. त्यामुळे एकही पीस काळे-करडे उरत नाही आणि डोळे लाल दिसतात. काळ्याभोर डोळ्यांच्या, चार पांढऱ्या पिसांच्या पक्ष्याला ‘अर्धा अल्बिनो’ म्हणणे हा वदतोव्याघात आहे.

आहारपक्षाचा आधार मात्र खरा आहे. लायसीन कमी पडल्यास ब्राँझ टर्कीच्या पिल्लांच्या पंखांत पांढरे पट्टे उमटतात, आणि राळा-बाजरीसारख्या धान्यांत लायसीन कमीच असते. पण एकाच भांड्यातला राळा खाणाऱ्या सहा पक्ष्यांपैकी एकच पांढरा का होतो, याचे उत्तर निव्वळ आहारातून मिळत नाही. शिवाय पूर्ण वाढलेले पीस निर्जीव असते. कोणतेही औषध त्याला रंग चढवू शकत नाही. बदल दिसला तर तो नव्याने उगवलेल्या पिसातच. म्हणून पांढरे पीस दिसताच जीवनसत्त्वांचे थेंब पाजणे हा उपचार नव्हे. अ आणि ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात व त्यांचा अतिरेक पक्ष्याला अपाय करतो.

कारण आनुवंशिक असू शकते असे म्हटले, की ‘आईबाप दोघेही रंगीत, मग दोष रक्तातला कसा?’ असे विचारले जाते. हा आक्षेपही टिकत नाही. झेब्रा फिंचमधील पांढऱ्या ठिगळांचा प्रकार अप्रभावी जनुकाने येतो. दोन्ही पालक वरून धडधाकट करडे असूनही ते जनुक बाळगत असतील, तर प्रत्येक पिल्लात तो प्रकट होण्याची शक्यता चारांत एक असते. एकाच घराण्यात जोड्या लावत गेल्यास असे योग वाढतात.

खरे निदान पिसाच्या रूपातून आणि काळाच्या ओघातून होते. ठिगळ पहिल्या पिसाऱ्यापासून असेल आणि दर पीसगळीनंतर तेथेच परत येत असेल, तर कारण आनुवंशिक. जन्मतः रंगीत असलेल्या पक्ष्यात दर पीसगळीला पांढरी पिसे वाढत गेली, तर रंगपेशी क्रमाने नाहीशा होत आहेत. वय हे त्याचे एक कारण. अनेक पिसांवर एकाच उंचीवर फिकट आडवा पट्टा असेल आणि आहार सुधारल्यावर पुढची पिसे रंगीत आली, तर दोष खाण्याचा. आणि जोडीदाराने पिसे उपटलेल्या जागीच पांढरे पीस आले असेल, तर पिसाच्या मुळाला इजा झाली असण्याचा संभव अधिक.

म्हणून पायात क्रमांकाची कडी, पहिल्या पिसाऱ्याची नोंद आणि निदान दोन पीसगळींचे निरीक्षण एवढे हाती आल्याशिवाय कारण ठरवू नये. पक्षी चपळ असेल, खात-पीत असेल आणि त्वचा निरोगी असेल, तर पांढरे पीस हा आजार नाही. त्वचा सुजली असेल किंवा पिसे विरळ होत असतील, तर मात्र पशुवैद्याकडे नेण्यात दिरंगाई करू नये.