घाट मोकळा झाला, त्याचा हिशेब

जालन्याचा माणूस डोंगर बघायला निघाला की त्याची एक गंमत होते. त्याला डोंगर चढावाच लागत नाही. छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, कन्नड असे करत गाडी कपाशी-मक्याच्या शेतांमधून सरळ चाललेली असते. कन्नड मागे पडते आणि थोड्याच वेळात जमीन एकाएकी संपते. समोर, पार खाली, खानदेश पसरलेला असतो. अजिंठ्याच्या रांगेची ठेवणच अशी आहे. मराठवाड्याच्या अंगाने ती हळूहळू उंचावते आणि उत्तरेला कड्यासारखी तुटते. अजिंठा गावाहून फर्दापूरला उतरणाऱ्या घाटाचेही तेच. १८०३ च्या ऑगस्टमध्ये शिंदे-भोसल्यांचे घोडदळ अजिंठा घाट चढून जालन्याकडे आले आणि २३ सप्टेंबरला आमच्या भोकरदन तालुक्यात असईची लढाई झाली.

कन्नडच्या घाटाचे दुसरे नाव औट्रम घाट. जेम्स औट्रम हा १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारायला आलेला इंग्रज अधिकारी. त्याचे राज्य गेले, नाव घाटाला चिकटून राहिले. इतके की १९८६ मध्ये इथले अभयारण्य जाहीर झाले तेही गौताळा औट्रमघाट याच नावाने.

या घाटात पावसाळी रविवारी आता सहकुटुंब गर्दी होते. कणसे, भजी, फोटो. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे एवढे सुखाचे नव्हते. हा धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा २११ क्रमांकाचा, आताचा ५२. वळणावर एक ट्रक बंद पडला की दोन्ही अंगांना रांगा लागत आणि लग्नाची वऱ्हाडे रात्रभर घाटात बसत. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशावरून जड वाहनांना घाट बंद झाला. ट्रक शिऊर बंगल्यावरून नांदगावमार्गे वळवले गेले आणि घाट आपल्या मोटारींना मोकळा मिळाला.

मला आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली. कारण सांगतो.

नोकरीत असताना मी वाहनकर्जे पाहत असे. १९९४ साली भोकरदनकडच्या एका ड्रायव्हरला मी ट्रकसाठी कर्ज मंजूर केले. माणूस सचोटीचा. हप्ता भरायला स्वतः येई आणि काउंटरवर चुरगळलेल्या नोटा सरळ करीत उभा राही. एकदा मी त्याला विचारले, भाडे वाढलेले नाही, डिझेल वाढले, मग तुम्हाला परवडते कसे? तो हसून म्हणाला, "घाटात वाचवतो, साहेब. उताराला न्यूट्रल टाकायची. उतार काही डिझेल मागत नाही." मी हसलो. बँकेच्या माणसाला काटकसर आवडते.

दोन वर्षांनी, पावसाळ्यात, त्याचा ट्रक याच घाटात कठड्याबाहेर गेला. तो वाचला, एक पाय गेला. मी गेलो तो चेसिस नंबर पडताळून पाहायला. अपघाताचे कारण या रकान्यात मी 'ब्रेक निकामी' असे लिहिले. ते खोटे नव्हते. पण ब्रेक आपोआप निकामी होत नाही. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागे ओढून धरते. न्यूट्रलला टाकली की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. वळणावळणाला दाबून ड्रम तापतो आणि मग पाय कितीही रोवला तरी पकड येत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मोटारवाल्यांनीही हे ऐकावे. शिवाय आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळत राहते. म्हणजे हा हिशेबही चुकीचाच. पण हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला तो कोणी समजावून सांगितला नव्हता. मीही नाही.

बंदी योग्य की अयोग्य, असा प्रश्न मी करीत नाही. माणसे मरत होती. काही करायला हवेच होते. पण बंदीमुळे घाटातला धोका नाहीसा होत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावकडे अतिवृष्टी झाली तेव्हा या घाटात जागोजागी दरडी कोसळल्या आणि वाहतूक थांबली. त्या दरडी ट्रकने पाडल्या नव्हत्या. आपला काळा पाषाण थराथरांचा असतो, एक थर कठीण, एक ठिसूळ. पाणी भेगांतून मुरते, ठिसूळ थर झिजतो आणि वरचा कठीण थर निराधार होऊन सुटतो.

माझा भाचा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात असतो. तिथे ब्लू रिज पार्कवे नावाचा सुमारे साडेसातशे किलोमीटरचा डोंगररस्ता आहे. १९३५ मध्ये काम सुरू झाले, १९८७ मध्ये पुरे झाले. तो बांधलाच पाहण्यासाठी; मालवाहू गाड्यांना तिथे मज्जाव आहे. त्याचेही सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने जागोजागी तुकडे केले. फरक एवढाच, की तो रस्ता सांभाळणारे राष्ट्रीय उद्यानांचे स्वतंत्र खाते आहे. आपल्याकडे ट्रक अडला की ओरड होते, आणि ओरड झाली की रस्ता दुरुस्त होतो. सहलीच्या गाड्यांसाठी कोण ओरडणार? बोगद्याची चर्चा तर मी नोकरीत असल्यापासून ऐकतो आहे.

तोवर फेऱ्याचे डिझेल कोण भरतो, हे मला पाहायचे होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नातवंडांना घाट दाखवून परतताना मुलाला म्हटले, शिऊर बंगल्यावरून जाऊ. तिथे चहाला थांबलो. शेजारी जालन्याच्या सळया भरलेला एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर तिशीचा असेल. फेऱ्याचे भाडे वाढवून मिळाले का, विचारले. "कशाचं वाढतंय, काका. भाडं तेवढंच, हप्ता तेवढाच. झोप तेवढी कमी केली."

मग त्याने विचारले, "तुम्ही घाटातून आलात ना? कसा आहे आता?"

"हिरवागार आहे," मी म्हणालो.

"ते नाही, काका. रस्ता कसा आहे?"