रक्तदानाची तारीख

शिवजयंती आणि भीमजयंतीला छत्रपती संभाजीनगरात जागोजागी रक्तदान शिबिरं भरतात. तरुण मुलं रांगा लावतात, संध्याकाळी बाटल्यांचा आकडा जाहीर होतो आणि पुढच्या वर्षी तो मोडायचा असं मंडळ ठरवतं. ही भावना खरी आहे, मोलाची आहे. ती वाया जाऊ नये, म्हणून तिचा हिशेब मांडायला हवा.

19 फेब्रुवारीला दिलेलं रक्त घ्या. त्यातल्या प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात. लाल पेशी, पिशवीतल्या द्रावणानुसार, 35 किंवा 42 दिवस. म्हणजे फार तर एप्रिलच्या एक-दोन तारखेपर्यंत. शिवाय ज्या पुरुषाने त्या दिवशी रक्त दिलं त्याला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. तो तरुण मोकळा होतो 20 मेच्या सुमारास. 14 एप्रिलचा दाता थेट जुलैच्या मध्यावर.

आणि नेमकी ओढाताण असते ती मेमध्ये. कॉलेजं बंद, वसतिगृहं रिकामी, माणसं गावाला नाहीतर लग्नाला, पारा चाळिशीपार. शिबिरं आटतात. घाटी रुग्णालयात येणाऱ्या बाळंतिणी आणि महामार्गावरचे अपघात मात्र कमी होत नाहीत. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. ते मोफत मिळायला हवं, असा नियम आहे. पण नियमाने फ्रिजमध्ये पिशवी येत नाही. मुलाच्या गटाचं रक्त शिल्लक नसलं की आई दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून दीर, भाचे, ऑफिसातले ओळखीचे, एकेकाला फोन लावत बसते.

दान तेच. तेच 350 मिलिलिटर, तीच दहा-पंधरा मिनिटं. पण फेब्रुवारीच्या गर्दीतला शंभरावा दाता आणि मेमधला एकटा दाता यांच्या दानाचं फळ सारखं नाही. समाजकार्याला वेळ देणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावं: आपण गेलो नाही, तर कुणाचं काय अडेल? किती माणसं जमली, यावरून हे कळत नाही.

या कसोटीवर सर्वांत मोठं काम कदाचित रक्त न देणाऱ्याचं ठरेल. वजन 45 किलोपेक्षा कमी किंवा हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली म्हणून दरवर्षी कितीतरी मुली शिबिरातून हिरमुसून परततात. त्यांच्यापैकी एकीने वही घातली, नाव, रक्तगट आणि शेवटच्या दानाची तारीख लिहिली आणि ज्यांची पुन्हा देण्याची वेळ आली त्यांना फोन केले, तर प्रत्येकाने वर्षातून एकदाच दिलं तरी 120 जणांच्या मंडळातून दर महिन्याला दहा दाते मिळतील. दोनदा दिलं तर वीस. कॉलेजांना सुट्ट्या असल्या तरी वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याचे कारखाने मेमध्ये चालूच असतात. त्या महिन्याचा भार त्यांनी उचलावा.

गर्दीच्या कामापेक्षा न दिसणारं काम जास्त मोलाचं ठरतं, हे या शहराने कचऱ्याच्या बाबतीतही पाहिलं आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये, जिथे शहराचा कचरा टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि रस्तोरस्ती ढीग साचले. खाम नदीच्या पात्रातला कचरा उपसायला रविवारी माणसं मिळतात, आणि ते कामही हवंच. पण घरोघर जाऊन ओला-सुका वेगळा करायला लावणारा माणूस तो कचरा नदीत पोहोचूच देत नाही. त्याचं काम रोजचं असतं, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

जयंतीची शिबिरं बंद करा, असं मुळीच म्हणणं नाही. महापुरुषांच्या नावाने हजारो हात पुढे येतात, एवढी ताकद दुसऱ्या कुठल्या आवाहनात आहे? त्या दिवशी रक्तपेढी मागेल तेवढ्याच पिशव्या भराव्यात. बाकीच्यांची नावं आणि रक्तगट लिहून घेऊन प्रत्येकाला पुढची तारीख द्यावी, मे आणि दिवाळीच्या सुट्टीतली आधी. घाटीची रक्तपेढी असो की दत्ताजी भाले रक्तपेढी, मंडप ठरवण्याआधी तिथे जाऊन 'तुम्हाला आमची गरज कोणत्या आठवड्यात आहे?' एवढं विचारावं आणि ते सांगतील तो आठवडा मंडळाने आपला मानावा.