नफ्यात ठेकेदार, तोट्यात एजंट

कमिटीच्या वहीत ६५,००० रुपये लिहिले होते. खाली एजंटची सही, तारीख आणि 'पूर्ण मिळाले' असा शेरा. ज्यांच्या गाण्यासाठी ते पैसे दिले गेले ते कव्वाल माझ्यासमोर, आर्णीच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात, बशीत चहा ओतून पीत होते आणि सांगत होते की त्यांच्या हातात २२,००० आले. "बाकीचे कमिटीनंच दिले नाहीत म्हणतो. उर्सचं काम आहे बेटा, तोंड कसं वाजवायचं?"

वही मी स्वतः पाहिलेली होती. खजिनदार भाऊंची आणि माझी जुनी ओळख. आधीच सांगतो, हा कार्यक्रम आर्णीचा नव्हता. आमच्या बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याशी त्याचा संबंध नाही. शेजारच्या जिल्ह्यातलं एक गाव होतं. गावाचं, एजंटचं आणि चाचांचं नाव मी घेणार नाही, चाचांनी तशी अटच घातली आहे. पण विदर्भात उर्सच्या कव्वाल्या ऐकत मोठा झालेला कुणीही हा किस्सा वाचून म्हणेल की हे तर आमच्याच गावचं.

हिशेब साधा आहे. तोंडी ठरलेले ४०,०००. त्यात एजंटचं कमिशन शेकडा १०, म्हणजे ४,०००. चाचांना यायला हवे होते ३६,०००. बयाणा १०,००० मिळाला, कार्यक्रमाच्या रात्री १२,०००. पार्टीत चाचा धरून आठ माणसं. सात साथीदारांना प्रत्येकी १,५०० दिले, गाडीभाडं ९,००० गेलं. रात्री दहापासून पहाटेच्या अजानपर्यंत गाऊन चाचांच्या खिशात राहिले २,५००. ढोलकीवाल्या पोराला यापेक्षा जास्त द्यायला हवं होतं, याची त्यांना स्वतःच्या पैशांपेक्षा जास्त खंत.

मी एजंटला फोन केला. तो बिचकला नाही. म्हणाला, "सर, मी कार्यक्रम ४० ला घेतला, ६५ ला दिला. धंदा आहे. धंद्यात नफा हराम आहे का?" आणि पुढे, मला गप्प करायला, दीनी दाखलाही दिला. अमुक किमतीला विक, वर मिळेल ते तुझं, असा सौदा जायज आहे म्हणे.

आपल्याकडे कुणी दीनचा दाखला दिला की बोलणं संपतं. म्हणून तो दाखला जरा पाहू. तो खोटा नाही. इमाम बुखारी यांच्या संग्रहात दलालीच्या मोबदल्यावर एक प्रकरणच आहे. दलाली घेण्यात गैर नाही, असं मत तिथे अनेक बुजुर्गांच्या नावाने नोंदवलेलं आहे, आणि 'हे कापड इतक्याला विक, वरचे तुझे' या सौद्याला हरकत नसल्याचं हजरत इब्न अब्बास यांचं मतही आहे. पण हे वाक्य तिथे म्हणतो कोण? कापडाचा मालक. दलाल मालकाला हे परस्पर ऐकवत नाही, आणि विकून आल्यावर तर नाहीच. त्याच प्रकरणात पुढे अटी पाळण्याची गोष्ट येते. चाचांनी 'वरचे तुझे' असं कधी म्हटलं? त्यांना तर 'वरचे' काही आहेत हेच ठाऊक नव्हतं. अर्धा दाखला सांगणं ही सुद्धा एक प्रकारची लबाडीच.

तरी क्षणभर एजंटचं म्हणणं मान्य करू. तो एजंट नाही, ठेकेदार आहे. कार्यक्रम विकत घेतो आणि विकतो. ठीक. मग त्याने १० टक्के कमिशन कशाचं कापलं? आपण ज्याच्याकडून माल घेतो त्याच्याकडून कुणी दलाली घेतं का? ठेकेदार असेल तर चाचांचे पूर्ण ४०,००० झाले आणि १८,००० बाकी राहिले. शिवाय 'कमिटीने दिले नाहीत' हे कारणही संपलं, कारण ठेकेदाराची वसुली झाली की बुडाली याच्याशी कव्वालाचं देणंघेणं नाही.

आणि पावसाचं काय? दोन वर्षांपूर्वी याच एजंटने ठरवलेला एक कार्यक्रम अवकाळी पावसाने वाहून गेला. मांडव पडला, पार्टी निम्म्या वाटेवरून परत आली. तेव्हा हा ठेकेदार ४०,००० घेऊन उभा राहिला नाही. 'अल्लाहची मर्जी, मी तर मधला माणूस' असं म्हणाला आणि बयाणाही परत मागितला. म्हणजे पाऊस पडला की मधला माणूस, ऊन पडलं की व्यापारी. मला राग आहे तो या दुतोंडीपणाचा. कमिशन घेणाऱ्या एजंटशी माझं वैर नाही. चाचांना फेसबुक येत नाही, दहा गावच्या कमिट्यांशी बोलणं जमत नाही, तारखा जुळवता येत नाहीत. हे काम जो करतो त्याला मोबदला मिळालाच पाहिजे, आणि तो मिळायला उशीर झाला तर तोही अन्यायच. पण त्याने एक काहीतरी ठरवावं.

तो एजंट असेल तर कायदा दीडशे वर्षांपासून स्पष्ट आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ चा. त्यात एजन्सीवर अख्खं प्रकरण आहे. कलम २१३ म्हणतं, मागितल्यावर हिशेब दिला पाहिजे. कलम २१७ एजंटला त्याचा मोबदला आणि कामासाठी रीतसर केलेला खर्च कापून घेण्याचा हक्क देतं. कलम २१८ सांगतं की हे कापून उरलेली, मालकाच्या नावाने मिळालेली सगळी रक्कम मालकाला द्यायची. इथे मालक म्हणजे चाचा. ६५,००० मधून १० टक्के गेले की ५८,५०० उरतात. २२,००० मिळाले, बाकी ३६,५००. आणि ज्या कामात एजंटने गैरवर्तन केलं त्या कामाच्या मोबदल्यावरही त्याचा हक्क राहत नाही, हे कलम २२० मध्ये आहे. कोर्ट काय मानेल ते पुराव्यावर ठरेल, पण एजंट म्हणा की ठेकेदार म्हणा, चाचांचे १४,००० च बाकी आहेत हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आता आपल्या लोकांकडे वळतो, कारण एजंट एकटा हे करू शकत नाही.

चाचा दोन वडीलधाऱ्यांकडे गेले होते. एकाने सांगितलं, जाऊ द्या, दर्ग्याचं काम आहे, सवाब मिळेल. वा! सवाब गाणाऱ्याला, रोकड मधल्याला. मांडववाल्याला, साउंडवाल्याला, देगवाल्याला कुणी सवाबावर बोळवण केली का? त्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी चुकते झाले. दुसऱ्या सद्गृहस्थांचं म्हणणं त्याहून जड होतं. गाण्याबजावण्याची कमाई मुळात जायज आहे का, हाच प्रश्न, मग तिच्या वादात आम्ही कशाला पडायचं? जनाब, हा प्रश्न बयाणा देताना पडला नाही, पहिल्या रांगेत बसून रात्रभर मान डोलवताना पडला नाही, कव्वालाने पैसे मागितल्यावरच कसा पडला? संगीताबद्दल ज्यांचं मत कडक आहे त्यांचा मी आदर करतो. त्यांनी कव्वाली ठेवू नये. पण ठेवायची, ऐकायची आणि मजुरीच्या वेळी फतवा आठवायचा, ही परहेजगारी नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण आपण दर शुक्रवारी ऐकतो. कव्वालाचा घाम वेगळा असतो का?

तिसरे एक शिकलेले मित्र. त्यांनी रफीसाहेबांचं नाव काढलं. साठच्या दशकात लताबाईंनी गाण्यांवर रॉयल्टी मागितली तेव्हा मोहम्मद रफी म्हणाले की ठरलेले पैसे मिळाले, गायकाचा हक्क संपला. काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं थांबवलं. 'बघा, खरा कलावंत पैशावर भांडत नाही.' अहो, रफीसाहेबांचं म्हणणं बरोबर की लताबाईंचं, यावर मी वेगळा लेख लिहीन (माझं मत लताबाईंच्या बाजूने आहे, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीचा कलही त्याच बाजूला आहे). पण रफीसाहेबांच्या वाक्याची सुरुवातच 'ठरलेले पैसे मिळाले' इथून होते. चाचांना ते मिळाले नाहीत. थोरांच्या दिलदारीचा दाखला गरिबाला गप्प करायला वापरू नये.

कमिट्यांनाही विचारायचं आहे. तुम्ही ६५,००० देता, पण ज्याच्यासाठी देता त्याला एक फोन करत नाही. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावचे कारभारी स्वतः जाऊन फडाच्या माणसाशी बोलून सुपारी ठरवतात. आपल्याच विदर्भात वडशाला झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात. तिथे भांडणं नसतात असं नाही, पण घेणारा आणि देणारा एकमेकांचं तोंड तरी पाहतात. आपल्याकडे कव्वाल आणि कमिटी यांची गाठ थेट स्टेजवर, हार घालताना. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा कायदा कलावंताचे आलेले पैसे एजंटला वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवायला लावतो आणि ३० दिवसांत द्यायला लावतो. आपल्याला तेवढं नको. निम्मी रक्कम थेट कव्वालाच्या खात्यात यूपीआयने आणि एजंटचं कमिशन वेगळ्या पावतीने, एवढं केलं तरी अर्धी भांडणं जन्मालाच येणार नाहीत. नजराणा कुणाचा, हेही त्याच कागदावर. पुढ्यात पडलेल्या नोटांवरून पहाटे चार वाजता झालेल्या मारामाऱ्या मी पाहिल्या आहेत.

आणि चाचा, रागावू नका, पण तुम्हालाही. तीस वर्षं तोंडी व्यवहार केलात. कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाजाबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, सूरह बकराची २८२ वी. रक्कम छोटी असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका असं ती सांगते, आणि मजकूर कुणी सांगायचा? ज्याच्यावर देणं आहे त्याने. तुमच्या बाबतीत सगळं उलट. देणं त्याच्यावर, डायरीही त्याची, आणि ती तुम्ही कधी उघडून पाहिली नाही. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो शाबीत करायला साक्षीदार लागतात आणि तुमचे साक्षीदार त्याच एजंटच्या पुढच्या तारखेची वाट पाहत बसलेत.

त्या दिवशी हॉटेलातच आम्ही मोबाइलवर मजकूर लिहिला. शिवी नाही, धमकी नाही. अमुक तारखेचा कार्यक्रम, अमुक गाव, मिळालेले २२,०००, कमिटीने दिलेली रक्कम किती आणि कधी, याचा लेखी हिशेब १५ दिवसांत द्यावा. चाचांचा मुलगा स्टेटसला एजंटचा फोटो टाकून 'चोर' लिहायला निघाला होता, त्याला थांबवलं. उद्या तोच अब्रुनुकसानीचा दावा घेऊन यायचा. पोलिसांत जाण्याचाही उपयोग कमी, दिवाणी बाब आहे म्हणून परत पाठवतात. हिशेब मागितला आणि नाकारला, तिथून दाव्यासाठी तीन वर्षं असतात. त्याआधी यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं, कोर्ट फी नाही, आणि तिथे तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं. मात्र तिच्यावर अपील नाही, म्हणून आकडा पक्का झाल्याशिवाय सही करायची नाही. खजिनदार भाऊंनी वहीच्या पानाची झेरॉक्स द्यायचं कबूल केलं आहे. त्यांनाही बिचाऱ्यांना वाईट वाटलं.

मेसेज गेला. दोन निळ्या खुणा आल्या. रात्री एजंटचा चाचांना फोन, हिशेबाचा शब्द नाही. पुढच्या महिन्यात एक तारीख आहे, ४२ देतो, येता का? चाचा म्हणाले, "येतो. कमिटीचा नंबर पाठव."

नंबर अजून आलेला नाही. पंधरा दिवसांतले नऊ झालेत.