लॉगिन बॉक्समधला एक ‘स्टार’ आणि अख्खी डिरेक्टरी उघडी! एलडॅप इंजेक्शन ही काय भानगड आहे?

कॉलेजचं वायफाय, लायब्ररीचं पोर्टल, ऑफिसचा मेल. सगळीकडे तुमचं एकच युजरनेम आणि एकच पासवर्ड चालतो. कसं काय? बहुतेक ठिकाणी यामागे एक डिरेक्टरी सर्व्हर असतो. नाव, विभाग, फोन, ईमेल, पासवर्ड अशी सगळ्यांची माहिती एका जागी. जणू संस्थेची डिजिटल टेलिफोन डायरीच. या डायरीला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एलडॅप. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ती तयार झाली आणि आजही जगभर वापरात आहे.

आता हा विषय आजच का? कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले. २०२३ च्या या कायद्यात, लोकांचा डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. त्यामुळे कोडमधली एखादी जुनी, दुर्लक्षित चूक आता चांगलीच महागात पडू शकते. एलडॅप इंजेक्शन ही अशीच एक चूक.

नेमकं होतं काय?

समजा, पोर्टलवर तुम्ही युजरनेम टाकलं ‘सायली’. मागचा कोड डिरेक्टरीला असा प्रश्न पाठवतो:

(&(युजर=सायली)(स्थिती=चालू))

म्हणजे, ‘नाव सायली आहे आणि खातं चालू आहे, असं कोणी आहे का?’ इथपर्यंत ठीक. पण कोड लिहिणाऱ्यानं तुमचा मजकूर जसाच्या तसा त्या कंसात चिकटवला असेल तर गडबड होते. एलडॅपमध्ये स्टार म्हणजे ‘काहीही चालेल’. नावाऐवजी नुसता * टाकला की प्रश्न होतो, ‘चालू खातं असलेले सगळे दाखव!’

आता जरा डोकं लावून कोणी हे टाकलं तर?

सायली)(फोन=९८*

प्रश्न बनतो:

(&(युजर=सायली)(फोन=९८*)(स्थिती=चालू))

कंस अगदी बरोबर जुळले. आता ‘युजर सापडला’ असं उत्तर आलं तर सायलीचा नंबर ९८ पासून सुरू होतो, हे कळलं. मग ९८०, ९८१, ९८२… असं एकेक अंक पुढे. दहा अंकी नंबर सरळ ओळखायचा तर हजार कोटी शक्यता. असा एकेक अंक विचारत गेलं तर जास्तीत जास्त १०० प्रयत्न! प्रोग्रामला त्यासाठी फारसा वेळ लागत नाही. स्क्रीनवर कधीही फोन नंबर दिसला नाही, तरी तो बाहेर गेला.

हे खरंच घडतं का?

हो. जूमला ही वेबसाइट बनवायची लोकप्रिय प्रणाली. २०१७ मध्ये रिप्स टेक्नॉलॉजीज या सुरक्षा कंपनीला तिच्या लॉगिन कोडमध्ये हीच चूक सापडली. आवृत्ती १.५ पासून ३.७.५ पर्यंत ती तशीच होती. एलडॅपवरून लॉगिन होणाऱ्या साइटवर मुख्य ॲडमिनचं नाव-पासवर्ड एकेक अक्षर करत काढता येत होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये ३.८.० आवृत्तीत दुरुस्ती आली.

विचार करा, हा कोड सगळ्यांसाठी खुला होता. कोणीही वाचू शकत होतं. तरी चूक वर्षानुवर्षं राहिली, कारण साध्या नावानं टेस्ट केलं की सगळं मस्त चालतं. ‘चालतंय ना, मग झालं’ हीच खरी अडचण आहे.

चूक पकडायची कशी?

कोडमध्ये दोन टोकं शोधा. एक, जिथून युजरचा मजकूर आत येतो. दुसरं, जिथे डिरेक्टरीला प्रश्न जातो. मधल्या वाटेत मजकुराची सफाई होत नसेल तर धोका आहे. कोडक्यूएलसारखी टूल्स हाच माग आपोआप काढतात. शिवाय टेस्टिंगला युजरनेममध्ये *, कंस आणि बॅकस्लॅश टाकून बघा. उत्तर किंवा एरर बदलली तर तिथे पाणी मुरतंय.

पण हा प्रयोग फक्त स्वतःच्या ॲपवर! परवानगीशिवाय दुसऱ्याच्या साइटवर केलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

थांबवायची कशी?

- एस्केपिंग करा. स्टार, कंस, बॅकस्लॅश या चिन्हांना साधं अक्षर बनवा. पीएचपीत एलडॅप-एस्केप हे फंक्शन तयार आहे, पायथॉनच्या एलडॅप लायब्ऱ्यांतही आहे. स्वतःचा जुगाड नको.
- जागा ओळखा. शोधाच्या फिल्टरचे आणि नोंदीच्या पत्त्याचे एस्केपिंग नियम वेगळे आहेत. एकाचं दुसरीकडे वापरलं तर फट राहते.
- काय चालेल ते ठरवा. युजरनेममध्ये फक्त अक्षरं आणि अंकच हवेत? मग बाकी सगळं दारातच अडवा.
- रिकामा पासवर्ड नाकारा. काही डिरेक्टरी सर्व्हर रिकाम्या पासवर्डला अनामिक पाहुणा समजून ‘यशस्वी’ म्हणतात आणि कोडला वाटतं, लॉगिन झालं!
- कमी अधिकार द्या. ॲपच्या खात्याला पासवर्डची रकाने वाचताच येऊ नयेत. म्हणजे चूक राहिली तरी नुकसान मर्यादित.

मग आपण काय करायचं?

खरं सांगायचं तर, नुसते वापरकर्ते म्हणून ही चूक आपल्याला दिसत नाही आणि त्यात आपला दोषही नसतो. आपल्या हातात इतकंच, की कॉलेजचा पासवर्ड बँकेला किंवा मेलला वापरायचा नाही आणि जिथे सोय आहे तिथे दुहेरी पडताळणी चालू ठेवायची.

पण तुमच्यापैकी अनेक जण आज एआयकडून कोड लिहून घेऊन कॉलेजचं प्रोजेक्ट, क्लबचं पोर्टल बनवतायत. तो कोड पहिल्या फटक्यात चालेलही. सबमिट करण्याआधी एकदा युजरनेममध्ये स्टार टाकून बघा. त्या डायरीत तुमच्याच वर्गमित्रांचे नंबर असणार आहेत.