मोजायचे काय, चाप की वेग?

लास वेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री संगीत महोत्सवावर गोळीबार झाला. त्यात अखेर ६० जणांचा बळी गेला. हल्लेखोराच्या रायफलींना ‘बम्प स्टॉक’ जोडलेले होते. रायफलीच्या मागे बसणाऱ्या धक्क्याचाच वापर करून हे साधन जवळजवळ मशीनगनच्या वेगाने गोळ्या सुटू देते. अमेरिकी सरकारने त्यावर बंदी घातली. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. प्रत्येक गोळीमागे चाप नव्याने दाबला जातो, म्हणून ही मशीनगन नव्हे, असा तो निकाल. वाद बंदूक बाळगण्याच्या हक्काचा नव्हता, कायद्यातील व्याख्येचा होता.

शस्त्रक्रियागृहात मात्र चाप किती वेळा दाबला, हे कोणी मोजत नाही. एकाच वेळी शेकडो जखमी आले की रक्त, टेबले आणि सर्जन, सगळेच अपुरे पडते. घात वेगाने होतो. अमेरिकी संसदेने व्याख्याही वेगावरूनच करावी.